भुट्टा, अळी आणि आपले यकृत

या पुस्तकाची सुरुवात एका किडक्या कणसापासून झाली.

पावसाळ्यातला रविवार होता. अशा दिवशी इंदुरात घरोघर जे शिजते तेच आमच्याकडेही शिजणार होते, भुट्ट्याचा कीस. मी कणसे सोलून किसणीवर धरत होते. एका कणसाच्या शेंड्यातून तपकिरी अळी बाहेर आली. डोक्यावर पांढरी खूण, इंग्रजी वाय अक्षर उलटे ठेवावे तशी. वरच्या मजल्यावरचे नाना त्याच वेळी दारात येऊन उभे राहिले होते. "टाका ती बाहेर, ताई," ते म्हणाले. मी म्हटले, "टाकते, पण जरा मानाने टाकते. हिच्या जातभाईंच्या पेशींवर मी पंधरा वर्षे पगार घेतलाय."

नानांना ती थट्टा वाटली. ते आले होते वेगळ्याच कामाला. त्यांची गॅसची गोळी संपली होती आणि कोपऱ्यावरचे मेडिकल रविवारी उशिरा उघडते. माझ्याकडे ओमेप्राझोल आहे का, एवढेच त्यांना विचारायचे होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसला, हे मला ठाऊक होते. म्हणून विचारले, "रक्त पातळ करायची कोणती गोळी घेता?" त्यांनी खिशातून पट्टी काढली. क्लोपिडोग्रेल. मी हात धुतले, गॅस बंद केला आणि त्यांना बसायला सांगितले. त्या दिवशीचा कीस दुपारी दीडला झाला.

कणसातली अळी आणि नानांच्या खिशातली पट्टी यांचा एकमेकींशी काय संबंध, हे मी त्यांना त्या सकाळी सांगू लागले. पुढे साउथ तुकोगंजातल्या आमच्या बैठकीत दहा-बारा मंडळी रविवारी जमू लागली. त्यांच्या प्रश्नांतून ही प्रकरणे झाली. वाचकाला वाट आधी दिसावी म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

गोळी गिळली की आपल्या लेखी काम संपते. शरीराचे काम तिथून सुरू होते. बहुतेक औषधे तेलकट स्वभावाची असतात, म्हणूनच ती आतड्याच्या पडद्यातून आत शिरू शकतात. पण त्याच स्वभावामुळे ती सहजी बाहेर पडत नाहीत. मूत्रपिंडाने गाळली तरी पुन्हा रक्तात झिरपतात. त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे करायचे काम मुख्यतः यकृताचे. यकृतातली एंझाइमे औषधाच्या रेणूला ऑक्सिजनचा एक अणू चिकटवतात आणि मग पुढचे सोपे होते. (पाठ्यपुस्तकात एंझाइमला 'विकर' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण आमच्या बैठकीत तो उच्चारला की लोक 'विकार' ऐकत. म्हणून एंझाइमच ठेवले.)

या एंझाइमांच्या मोठ्या घराण्याचे नाव सायटोक्रोम पी-४५०. १९५८ साली गारफिंकल आणि क्लिंगेनबर्ग या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, यकृताच्या पेशींच्या चुऱ्यात एक विचित्र रंगद्रव्य पाहिल्याचे नोंदवले. त्यावर कार्बन मोनॉक्साइड सोडला की ते ४५० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी शोषून घेई. ते करते काय, हे कुणालाच माहीत नव्हते. १९६२ साली जपानच्या ओमुरा आणि सातो यांनी त्याला पी-४५० म्हटले. पी म्हणजे पिगमेंट, रंगद्रव्य. खरे काम कळेपर्यंत चालवून घ्यायचे हे नाव होते. बारशाचे नाव कागदावर राहते आणि बंड्या सत्तरीतही बंड्याच राहतो, तसे झाले. माणसाच्या जनुकसंचात या घराण्याची ५७ चालू जनुके आहेत. त्यांतली बरीच स्टेरॉइडे, पित्ताम्ले, जीवनसत्त्वे अशा घरच्याच कामांत गुंतलेली असतात. औषधांचा बहुतेक भार डझनभर एंझाइमांवर पडतो. त्यांना सिप ३ए४, सिप २डी६, सिप २सी१९ अशी गाडीच्या नंबरासारखी नावे आहेत. नावे पाठ करू नका, पुढे ओळख होत जाईल.

आता अडचण पाहा. नवे औषध आले. ते यकृतात बदलते, हे नक्की. पण या डझनातले कोणते एंझाइम त्याला बदलते? माणसाचे यकृत कापून पाहता येत नाही. शस्त्रक्रियेतून किंवा अवयवदानातून संशोधनाला तुकडे मिळतात, पण त्यांत सगळीच एंझाइमे एकत्र काम करत असतात. उंदीर-कुत्र्यांत पाहावे तर त्यांची एंझाइमे आपल्यासारखी दिसतात आणि वागतात भलतीच. कूमारिन नावाचा एक सुवासिक पदार्थ माणसाचे यकृत ज्या वाटेने निकालात काढते, ती वाट उंदराचे यकृत जवळपास वापरतच नाही. उंदरावरून माणसाचे भाकीत करणे म्हणजे शेजारच्या घरातली भांडणे ऐकून आपल्या घरातली ओळखणे.

माझे आजोळ रामबागेत, एका वाड्यात. तीन माम्या, एक स्वयंपाकघर. एका वर्षी आमटी कधी अळणी, तर कधी इतकी खारट की पानावर ताकाचे भांडे ठेवावे लागे. कुणाचा हात चुकतोय हे कळेना, कारण तिघी एकाच ओट्याशी. आजीने कुणालाही विचारले नाही. श्रावण लागताच तिने पाळी लावली. एका दिवशी एकच सून आत, बाकीच्या दोघींनी उंबरठाही ओलांडायचा नाही. तीन दिवसांत तिला उत्तर मिळाले. काय मिळाले ते पुढे सांगते, कारण त्याची खरी जागा पुढे आहे.

शास्त्रज्ञांनी केले ते हेच. ज्या पेशीत या घराण्यातले कुणीच काम करत नाही, अशी एक कोरी चूल शोधायची आणि माणसाच्या एकाच एंझाइमचे जनुक तिच्यात घालायचे. मग त्या घरात जे काही शिजेल ते त्या एकटीच्या हातचे. १९८० च्या दशकात अशा चुलींचा शोध जोरात चालला. आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या कॉस पेशी वापरल्या गेल्या. जर्मनीत योहानेस डोमर यांनी चिनी हॅमस्टरच्या फुफ्फुसाच्या व्ही७९ पेशी घेतल्या. जपान्यांनी यीस्ट घेतले. अमेरिकेत चार्ल्स क्रेस्पी यांनी माणसाच्याच पांढऱ्या पेशींच्या एका वाणात ही जनुके बसवली आणि जेनटेस्ट या कंपनीतून तसल्या पेशी विकायला आल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत फ्रँक गोन्झालेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुक पेशीत नेण्यासाठी व्हॅक्सिनिया विषाणूचा वापर केला. हा विषाणू आमच्या पिढीला अनोळखी नाही. दंडावरची देवीच्या लशीची गोल खूण ही त्याचीच सही. देवी हद्दपार झाल्यावर त्याला असे दुसरे काम मिळाले.

पण सगळ्यांत जास्त चालली ती अळी.

अमेरिकन लष्करी अळी, शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. २०१८ साली ती कर्नाटकात दिसली आणि पाहता पाहता महाराष्ट्र, मध्य प्रदेश, सगळीकडे मक्यावर पसरली. माळव्यातल्या शेतकऱ्याला तिचे नाव काढले तरी राग येतो, आणि तो रास्त आहे. प्रयोगशाळांशी मात्र तिचा संबंध त्याच्या चाळीस वर्षे आधीचा. १९७७ साली अमेरिकेच्या कृषी विभागातल्या संशोधकांनी तिच्या कोषातल्या अंडाशयाच्या ऊतीपासून बाटलीत वाढणाऱ्या पेशींचा वाण तयार केल्याचे प्रसिद्ध केले. त्यातूनच पुढे एका पेशीपासून एसएफ-९ हा वाण निघाला. तो आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे.

या पेशीत जनुक नेणारा विषाणूही शेतातलाच, बॅक्युलोव्हायरस घराण्यातला. हरभऱ्यावरच्या घाटे अळीसाठी एचएएनपीव्ही फवारणाऱ्यांना याचा चुलतभाऊ ठाऊक असेल. त्याची लागण झालेली अळी झाडाच्या शेंड्याला चढते, उलटी लटकते आणि आतून पाणी पाणी होऊन फुटते. हा विषाणू स्वतःभोवती पॉलिहेड्रिन नावाच्या प्रथिनाचे कवच बांधतो आणि त्यासाठी पेशीला अक्षरशः राबवतो. शेवटी शेवटी पेशीतल्या प्रथिनांचा फार मोठा हिस्सा हे एकच प्रथिन असते. टेक्सासमध्ये मॅक्स समर्स आणि गेल स्मिथ यांच्या ध्यानात आले की बाटलीतल्या पेशीला कवचाची गरजच नाही. मग त्या जनुकाच्या जागी आपल्याला हवे ते जनुक ठेवले तर? १९८३ साली त्यांनी तसे करून माणसाचे इंटरफेरॉन बनवून दाखवले. विषाणूची हाव तीच राहिली, माल मात्र आपला झाला.

मी हे काम कसे करत होते ते थोडे जवळून सांगते, नाहीतर वाचकाला वाटेल की हे सगळे संगणकाच्या पडद्यावर होते. एसएफ-९ पेशींना २७ अंश लागतात, म्हणजे इंदूरच्या ऑगस्टातली संध्याकाळ. माणसाच्या पेशींसारखे कार्बन डायऑक्साइडचे चोचले नाहीत. काचेच्या फ्लास्कमध्ये पिवळसर रस, तो हलवणीवर गोल गोल फिरत असतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी गोल, टपोऱ्या, साबुदाणा भिजल्यासारख्या. विषाणू घातला की दुसऱ्या दिवशी त्या फुगतात. पी-४५० च्या पोटात लोहाचा एक अणू धरून ठेवणारे हीम लागते, आणि एवढे हीम बनवणे अळीच्या पेशीला झेपत नाही. म्हणून वरून हेमिनचे काळपट द्रावण घालायचे. शिवाय एंझाइम एकटे काही करू शकत नाही. त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारे रिडक्टेज नावाचे दुसरे प्रथिन सोबतीला लागते. म्हणून दुसरे जनुक. तिसऱ्या दिवशी पेशी गोळा करायच्या, फोडायच्या, एक लाख पट गुरुत्वाच्या वेगाने फिरवायच्या. नळीच्या तळाशी गूळ चिकटून राहावा तसा तपकिरी गोळा उरतो. तो मायक्रोसोमांचा, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या तुकड्यांचा. आपले एंझाइम त्यात रुतलेले असते.

मग परीक्षा. दोन छोट्या काचकुप्यांत ते द्रावण घ्यायचे, दोन्हींत चिमूटभर डायथायोनाइट टाकायचे, की जळक्या गंधकाचा वास खोलीभर होतो. एकीत कार्बन मोनॉक्साइडचे बुडबुडे सोडायचे आणि यंत्राने दोघींतला फरक काढायचा. कागदावर रेघ हळूहळू वर चढते आणि ४५० वर डोंगर उभा राहतो. तो पाहिल्यावर चहाला जायला हरकत नसते. एकदा मी तयार नळ्या बर्फात ठेवायच्या विसरले. मे महिना होता, त्या रात्रभर टेबलावर राहिल्या. सकाळी डोंगर उभा राहिला, पण ४२० वर. एंझाइम मेले की शिखर तिथे सरकते. पंधरा दिवसांचे काम गेले आणि मी कुणालाच दोष देऊ शकत नव्हते. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. या पुस्तकात छापायचा होता, पण आता त्यावरची शाई फिकी झाली आहे.

परीक्षेत उतरलेल्या नळ्यांतूनच मूळ प्रश्नाचे उत्तर निघते. ओळीने नळ्या मांडायच्या, प्रत्येकीत माणसाचे एकेक एंझाइम. शेवटची नळी रिकाम्या विषाणूने लागण झालेल्या पेशींची, म्हणजे नुसती चूल, सून नसलेली. सगळ्यांत औषध घालायचे, ३७ अंशांवर थोडा वेळ ठेवायचे, आणि कोणत्या नळीतले औषध कमी झाले ते पाहायचे. इतके साधे. नवशिक्या मुलांना मी नेहमी सांगे, शेवटच्या नळीकडे आधी पाहा. तिच्यातही औषध कमी झाले असेल तर बाकीच्या नळ्या तुमच्याशी खोटे बोलत आहेत.

या साध्या रीतीने काय काय उलगडले त्याची प्रकरणे पुढे आहेत. इथे दोन गोष्टींचा नुसता मासला देते.

पहिली गोष्ट मक्याचीच, आणि ती आपल्या शेजारची आहे. १९७४ च्या पावसाळ्याअखेर राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यांत, म्हणजे आपल्या झाबुआला लागून असलेल्या आदिवासी मुलखात, काढणीच्या वेळी मका भिजला आणि त्यावर बुरशी धरली. घरात दुसरे धान्य नव्हते म्हणून लोकांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झाले, शंभराहून जास्त माणसे दगावली. त्याच घरांतली कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि सहकाऱ्यांनी तपास केला आणि दोष त्या बुरशीने बनवलेल्या अफ्लाटॉक्सिनवर आला. आता गंमत म्हणावी की क्रूरपणा, अफ्लाटॉक्सिन जसेच्या तसे राहिले तर एवढे घातक नसते. आपले यकृत ते बाहेर काढायला जाते, त्याला ऑक्सिजन चिकटवते, आणि त्यातून जो रेणू होतो तो पेशीच्या डीएनएला जाऊन डसतो. पण हे यकृतातले कोण करते? १९९० साली गोन्झालेझ यांच्या गटाने माणसाची १२ एंझाइमे व्हॅक्सिनियाच्या मदतीने वेगवेगळ्या पेशींत बनवली आणि प्रत्येकीपुढे अफ्लाटॉक्सिन ठेवले. बारांपैकी पाच जणी त्याला विषारी करत होत्या. त्यांत सिप ३ए४ होते. हे आपल्या यकृतातले सगळ्यांत कामसू एंझाइम, बाजारातल्या जवळपास निम्म्या औषधांना हात लावणारे. सकाळी आपली गोळी निकालात काढणारे आणि बुरसटलेल्या मक्यातून विष घडवणारे, दोन्ही एकच.

दुसरी गोष्ट लंडनची. १९७५ च्या सुमारास सेंट मेरीज हॉस्पिटल मेडिकल स्कूलमधले रॉबर्ट स्मिथ आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या काही जणांनी रक्तदाबावरचे डेब्रिसोक्विन स्वतःच घेऊन पाहिले. बाकीच्यांना काही झाले नाही. स्मिथना मात्र इतकी भोवळ आली की उभे राहता येईना. त्यांच्या शरीरात औषध बदलतच नव्हते. १९७७ साली त्यांच्या गटाने दाखवले की हा दोष पिढीजात आहे. पण दोष नेमका कोणत्या एंझाइमचा, याला आणखी अकरा वर्षे लागली. १९८८ साली माणसाचे एक जनुक माकडाच्या कॉस पेशीत घातले आणि त्या पेशी डेब्रिसोक्विन बदलू लागल्या. ते सिप २डी६. ज्यांच्यात हे एंझाइम चालत नाही त्यांच्या यकृतात त्या जनुकाचा निरोपच अर्धवट, चुकीचा निघत होता. कोडीन घेऊनही ज्यांचे दुखणे जागचे हलत नाही, त्यांतल्या काहींचे कारण हेच असते. कोडीनचे मॉर्फिन करायला हे एंझाइम लागते.

टर्फेनाडीनचा किस्सा मी पूर्ण प्रकरणात सांगितला आहे, इथे एवढेच. सर्दी-ॲलर्जीवरचे, झोप न आणणारे, लाडके औषध. सिप ३ए४ त्याचा इतका झपाट्याने फडशा पाडी की मूळ औषध रक्तात जवळपास दिसतच नसे. एरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरचे किटोकोनाझोल सोबत घेतले की ते एंझाइम अडे, टर्फेनाडीन साचे आणि हृदयाचा ठोका बिघडे. काही माणसे गेली. १९९७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफडीएने परवानगी काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एफडीएने औषध कंपन्यांना सल्लापत्रक दिले, की कोणते एंझाइम तुमच्या औषधाला हात लावते ते आधी पेशींत आणि नळीत पाहा. टर्फेनाडीनपासून यकृत जे बनवी ते फेक्सोफेनाडीन आज आपल्या दवा बाजारात पेट्यांनी विकले जाते. ते बनून आलेलेच असल्याने ३ए४ च्या वाटेला फारसे जात नाही.

आता आजीच्या आमटीकडे येते.

पाळी लावली तेव्हा पहिल्या दिवशी थोरल्या मामीची आमटी बेताची झाली. दुसऱ्या दिवशी मधलीचीही, तिसऱ्या दिवशी धाकटीचीही. एकाही दिवशी खारट नाही. म्हणजे खारटपणा कुणा एकटीच्या हातचा नव्हताच. दोघींनी, एकमेकींना न सांगता, आपापले मीठ घातले की तो होत असे. अळणी व्हायची ती 'तिने घातले असेल' म्हणून.

या पुस्तकातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मी हीच मानते, आणि तिच्यावरून माझे जुन्या सहकाऱ्यांशी वाजलेही आहे. एका एंझाइमची नळी खरे बोलते, पण तिला जेवढे विचारले तेवढेच. नानांच्या क्लोपिडोग्रेलचे पाहा. ती गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृताने तिला दोन पायऱ्यांनी बदलले तरच ती रक्तातल्या बिंबाणूंना आवरते. दोन्ही पायऱ्यांवर सिप २सी१९ लागते, आणि ओमेप्राझोल त्याच एंझाइमला अडवते. पण त्याच वेळी यकृतातले दुसरेच एक एंझाइम, पी-४५० घराण्याबाहेरचे, त्या गोळीचा सुमारे ८५ टक्के भाग आधीच निकामी करून टाकते. बाकीचे पी-४५० थोडा थोडा हात लावतात ते निराळेच. २सी१९ ची नळी एकटी पाहिली तर यातले काही दिसत नाही. शिवाय नळीत आपण प्रत्येक एंझाइम मुबलक घालतो, तर यकृतात एकीचे राज्य आणि दुसरी नावापुरती. तिथला हिशेब बसवायला वेगळे गणित लागते. एक प्रकरण त्यावर आहे, ते रुक्ष आहे, वाटल्यास गाळा.

अळीची पेशी आणखी एक गोष्ट दाखवू शकत नाही. क्षयावरचे रिफाम्पिसिन घेतले की यकृत जास्तीचे ३ए४ बनवू लागते आणि मग गर्भनिरोधक गोळीसारखी औषधे वेळेआधीच संपून जातात. ज्या देशात क्षय इतका आहे त्या देशात ही बारीक गोष्ट नाही. पण अळीच्या पेशीला रिफाम्पिसिनचा निरोप कळतच नाही, तिच्याकडे तो ऐकणारी यंत्रणाच नसते. त्यासाठी माणसाच्या जिवंत यकृतपेशी लागतात, किंवा मग माणसेच.

माणसांचे नाव निघाले म्हणून थांबते. औषधांच्या चाचण्यांचा विषय इंदुरात हळू आवाजात बोलला जातो. गरीब रुग्णांना नीट न सांगता त्यांच्यावर औषधे तपासली गेल्याच्या तक्रारी या शहरातून उठल्या. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या सुनावण्यांच्या ओघात रुग्णाची संमती घेतानाचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक झाले आणि २०१९ साली चाचण्यांचे नवे नियम आले. पेशींचे प्रयोग माणसावरच्या चाचणीची जागा घेतील असे मी म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण माणसाला औषध देण्याआधी ते कोणत्या वाटेने जाईल, कशासोबत अडेल, कुणाला जास्त होईल, हे अळीच्या पेशीला विचारता येते. जे तिला विचारता येत होते ते रुग्णाच्या शरीरावर विचारले, तर तो मला शास्त्राचा दोष वाटत नाही, आळस वाटतो. १९१८ साली इंदूरचा नगर आराखडा दरबारला सादर करणारे पॅट्रिक गेडीस मुळात जीवशास्त्राचे माणूस. आधी निदान, मग उपचार, असा त्यांचा शहरांच्या बाबतीत आग्रह असे. आमच्या धंद्यालाही तो लागू आहे.

आणखी एक सल बोलून टाकते. कोणाच्या यकृतात कोणते एंझाइम मंद, याचे जुने तक्ते बहुतेक युरोपीय माणसांवरून बनले. २सी१९ मंद असलेली माणसे युरोपात शंभरात दोन ते पाच. आपल्याकडे झालेल्या पाहण्यांत हे प्रमाण दहाच्या वर निघाले आहे. अशा माणसांत क्लोपिडोग्रेलचा उपयोग कमी होऊ शकतो, असा ठळक चौकटीतला इशारा एफडीएने २०१० साली दिला. दुसरीकडे चेन्नईच्या क्षय संशोधन केंद्राने आयसोनियाझिड हळू निकालात काढणारी माणसे ओळखून त्यांचा अभ्यास साठ वर्षांपूर्वीच केला होता. म्हणजे आपल्याला हे जमत नव्हते असे नाही.

पुस्तक कुठूनही उघडून वाचावे. पहिली चार प्रकरणे यकृताची, मधली पेशींची, शेवटची औषधांची. नानांसारखे वाचक शेवटून सुरू करतील, त्यांनी तसेच करावे. भाषा आमच्या बैठकीची आहे, तिच्यात हिंदी मिसळलेली सापडेल. पुण्याच्या वाचकांनी तेवढे इंदुरी म्हणून चालवून घ्यावे.

त्या रविवारी मी नानांना ओमेप्राझोल दिले नाही. क्लोपिडोग्रेल बंद करू नका, हे तीनदा बजावले. सोमवारी ते आपल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी गॅसची गोळी बदलून पँटोप्राझोल दिले, ते २सी१९ ला फारसे अडवत नाही. खाली मेडिकलच्या पोराला नानांनी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अंकल, गैस की तो सब को यही देते हैं." डॉक्टरांना ओमेप्राझोलचे माहीतच नव्हते, कारण नानांनी ती गोळी चिठ्ठीशिवाय घेतली होती आणि गॅसच्या गोळीला ते औषधात धरत नव्हते.

म्हणून पहिले पान उलटण्याआधी वाचकाने एक काम करावे. घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांची यादी एका कागदावर लिहावी. चिठ्ठीच्या, बिनचिठ्ठीच्या, गॅसच्या, सर्दीच्या, काढे, चूर्णे, सगळे. नानांची यादी नऊ ओळींची निघाली. तो कागद पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे ठेवावा, आणि त्यांनी सांगेपर्यंत त्यातली एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

साउथ तुकोगंज, इंदूर